दुरून पृथ्वी साजरी

आमच्या न्यायालयाच्या आवारात वकिलांच्या खोलीत एक जुनी दिनदर्शिका टांगलेली आहे. तिचे वर्ष केव्हाच सरले. केवळ चित्रासाठी ती भिंतीवर राहिली. चित्र पृथ्वीचे आहे. काळ्याभोर अवकाशात निळी, पांढऱ्या ढगांनी वेढलेली, पुरी गोल पृथ्वी. बांधाच्या दाव्यातील माझा एक वयस्क शेतकरी पक्षकार पुकाऱ्याची वाट पाहत एकदा त्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. शेवटी त्याने विचारले, "वकीलसाहेब, हा फोटो काढणारा उभा कुठं होता?" त्याच्या दाव्यात कोर्ट कमिशनरने बांधाची छायाचित्रे काढली होती आणि ती काढताना कमिशनर नेमका कोठे उभा होता, यावर त्याच आठवड्यात आम्ही दोन्ही बाजूंचे वकील हमरीतुमरीवर आलो होतो. त्यामुळे प्रश्न त्याच्या ओठांवर तयारच होता. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु अंतराळवीरांनी काढलेल्या पृथ्वीच्या छायाचित्रांविषयी आजवर जे पुष्कळ लिहिले गेले, त्यात हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला आहे, असे मला त्यानंतर वाटू लागले.

या छायाचित्रांचे कौतुक बहुधा एकाच वाक्यात उरकले जाते. ते वाक्य म्हणजे, 'वरून पाहिले असता पृथ्वीवर सीमा दिसत नाहीत.' जून २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले तेव्हा पंतप्रधानांशी झालेल्या संभाषणात त्यांनीही हाच आशय सांगितला. त्यांच्या पूर्वी निरनिराळ्या देशांचे कितीतरी अंतराळवीर तेच सांगून गेले आहेत. सांगणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी तिळमात्र शंका नाही. पण साक्षीदार प्रामाणिक असणे ही एक गोष्ट आणि त्याच्या साक्षीवरून आपण काढलेला निष्कर्ष बरोबर असणे ही दुसरी गोष्ट. सरतपासात मन मोहून घेणारा साक्षीदारही उलटतपासणीतून जावाच लागतो. या छायाचित्रांची तशी तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, पृथ्वीचे चित्र काढण्यासाठी म्हणून कोणी अंतराळात गेले नव्हते. ऑगस्ट १९६१ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव यांनी कक्षेतून हातातल्या चलच्चित्र कॅमेऱ्याने पृथ्वीचे चित्रण केले. पुढे २० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकेचे जॉन ग्लेन पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून आले. त्यांच्याजवळचा कॅमेरा फ्लोरिडातील कोको बीच येथील एका औषधांच्या दुकानातून सुमारे चाळीस डॉलरना विकत घेतलेला होता आणि जाड हातमोजे घातलेल्या हाताला तो चालवता यावा म्हणून त्याला एक मूठ बसवली होती. कोट्यवधी डॉलरच्या त्या खटाटोपात पृथ्वीकडे पाहण्याची तरतूद झाली ती अशी! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉल्टर शिरा यांनी हॅसलब्लाड जातीचा उत्तम कॅमेरा बरोबर नेला आणि तेथून पुढे या कामाला शिस्त आली. भूशास्त्रज्ञांना या चित्रांचा उपयोग उमगला. जून १९६५ मधील जेमिनी ४ या उड्डाणात मॅकडिव्हिट आणि व्हाइट यांनी त्यांच्यासाठी भूप्रदेशाची छायाचित्रे मुद्दाम काढली. म्हणजे हौस आणि उपयुक्तता अशा दोन बोटांना धरून ही कला चालू लागली. तत्त्वज्ञान मागाहून आले.

ते तत्त्वज्ञान ज्या चित्राने आले म्हणतात, ते चित्र २४ डिसेंबर १९६८ चे. फ्रँक बोरमन, जेम्स लव्हेल आणि विल्यम अँडर्स हे तिघे अपोलो ८ मधून चंद्राभोवती फिरत होते. काम ठरलेले होते. पुढे माणूस जेथे उतरावयाचा, त्या चांद्रभूमीची छायाचित्रे घ्यावयाची होती. पहिल्या तीन प्रदक्षिणांत यानाच्या खिडक्यांची दिशाच अशी होती की पृथ्वी वर येताना कोणाच्या दृष्टीस पडली नाही. चौथ्या प्रदक्षिणेत बोरमन यान वळवीत असता ती अँडर्स यांच्या खिडकीत आली. त्यांनी घाईने एक कृष्णधवल छायाचित्र घेतले, लव्हेल यांच्याकडे रंगीत फीत मागितली आणि मग ते जगप्रसिद्ध चित्र टिपले. यानातील संभाषण ध्वनिमुद्रित झालेले असतानाही ते चित्र आपण काढले असे बोरमन कित्येक वर्षे सांगत असत. अखेर २०१३ मध्ये नासाने चंद्राच्या नव्या, सूक्ष्म नकाशांच्या आधारे यानाची त्या क्षणाची स्थिती संगणकावर पुन्हा उभी केली, ती ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली आणि श्रेय अँडर्स यांच्या पदरात निर्विवादपणे पडले. तीन साक्षीदार, एक खिडकी, आणि तरी पंचेचाळीस वर्षे वाद! स्मरणशक्ती किती भरवशाची, हे वकिलांना नव्याने सांगावयास नको. आज ते तिघेही हयात नाहीत.

आता चित्राकडे पाहू. खाली करडी, खड्ड्याखड्ड्यांची, निर्जीव भूमी. वर गाढ काळोख. आणि त्यात अर्ध्याहून थोडी अधिक उजळलेली निळी-पांढरी पृथ्वी. छापताना हे चित्र बहुधा फिरवून छापतात. अँडर्स यांना चंद्राचे क्षितिज आडवे दिसले नव्हते. ते उजव्या हाताला उभे होते आणि पृथ्वी त्याच्या डावीकडे होती. आडवे क्षितिज आणि त्यावरून वर येणारे तेजोगोल ही आपल्या डोळ्यांची सवय. तिच्यासाठी चित्र आडवे केले गेले आणि त्याला 'पृथ्वीचा उदय' असे नाव मिळाले. वस्तुतः चंद्राच्या आपल्याकडील बाजूवर एका जागी उभे राहणाऱ्याला पृथ्वी उगवतही नाही आणि मावळतही नाही. ती आकाशात जवळजवळ एकाच ठिकाणी लटकलेली असते. उदय झाला तो फिरणाऱ्या यानामुळे. इतके सारे कबूल करूनही मी म्हणेन की, या जातीच्या सर्व चित्रांत हे चित्र श्रेष्ठ आहे. आणि त्याचे कारण माझ्या पक्षकाराच्या प्रश्नात आहे. काढणारा कोठे होता हे या चित्रात दिसते. समोरची ओसाड भूमी त्या पाहणाऱ्याचा ठावठिकाणा सांगते आणि जेथे श्वास घेता येत नाही अशा जागेवरून तो आपल्या घराकडे पाहतो आहे, हे सांगते. पावणेचार लाख किलोमीटरचे अंतर तेथे आकडा म्हणून न राहता अनुभव म्हणून येते.

परंतु मानवजातीच्या ऐक्याची जाणीव या चित्राने जन्माला घातली, असे जे म्हटले जाते त्याला तारखांचा आधार नाही. पृथ्वीवरील आपण सर्व एकाच नावेतले प्रवासी आणि एकमेकांचे भाऊ आहोत, अशा आशयाचा अमेरिकन कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांचा सुप्रसिद्ध लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला तो २५ डिसेंबर १९६८ रोजी. अपोलो ८ समुद्रात उतरले २७ तारखेला. रंगीत फीत तोवर यानातच होती. ती धुतली गेली त्यानंतर. दूरचित्रवाणीवरील अंधूक दृश्ये लोकांनी पाहिली होती खरी. पण ज्या चित्राच्या नावे ही भावना जमा केली जाते, ते चित्र कवीने पाहिलेले नव्हते. साक्षीदार न्यायालयात येण्यापूर्वीच निकालपत्र लिहून झाले होते, असेच याला म्हणावे लागेल. यात मॅक्लीश यांचा दोष काही नाही. उलट, भावना माणसाच्या मनात आधीच होती आणि चित्राने तिला केवळ चेहरा दिला, हेच यावरून सिद्ध होते. आपल्या भाषेत तर सातशे वर्षांपूर्वी, कोणतेही यान आकाशात नसताना, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी साऱ्या प्राणिमात्रासाठी पसायदान मागितले. त्यासाठी त्यांना जमीन सोडून वर जावे लागले नाही.

आमच्या खोलीतील दिनदर्शिकेवरचे चित्र दुसरे. ते ७ डिसेंबर १९७२ रोजी, अपोलो १७ चंद्राकडे निघाल्यावर सुमारे पाच तासांनी, पृथ्वीपासून २९,००० किलोमीटरच्या आसपास असताना काढलेले. सूर्य पाठीशी असल्यामुळे पृथ्वीचा गोल पूर्ण उजळलेला मिळाला. सर्नन, इव्हान्स आणि श्मिट यांपैकी कॅमेऱ्याची कळ कोणी दाबली याचा निकाल येथेही एकमताने लागलेला नाही, म्हणून श्रेय तिघांच्या नावे नोंदवले जाते. मूळ चित्रात दक्षिण ध्रुव वर आहे. नकाशाच्या सवयीला मान देऊन ते उलटे करून छापले गेले. या चित्रात पायाखाली भूमी नाही, खिडकीची चौकट नाही, पाहणाऱ्याचा मागमूस नाही. म्हणूनच ते इतके लोकप्रिय झाले असावे. ज्या चित्रात पाहणारा नाही, ते कोणालाही आपल्या मालकीचे मानता येते. विश्वबंधुत्वाच्या सभेपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत ते कोठेही शोभून दिसते आणि कोणाशीच भांडत नाही.

तथापि या चित्रात भारताचा एक पुरावा आहे. गोलाच्या उजव्या हाताला, वरच्या कडेशी, ढगांचा एक पांढरा भोवरा दिसतो. दोनच दिवसांपूर्वी, ५ डिसेंबरला, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळलेले हे चक्रीवादळ होय. त्या वादळाने तेथे पूर आणला, घरे पाडली, माणसे मारली. चित्रात तो केवळ एक सुबक वळसा आहे, रांगोळीच्या कोपऱ्यात एखाद्या कुशल बोटाने काढावा तसा. छप्पर उडालेल्या घरासमोर बसलेल्या बाईला हे चित्र त्या दिवशी दाखवले असते तर तिने काय म्हटले असते? 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपल्या पूर्वजांनी रचली ती डोंगर जवळून पाहिल्यानंतर. पृथ्वीही दुरून साजरीच दिसते. तिच्या साजरेपणात खोटे काही नाही. मात्र ते तिचे गुणवर्णन नसून अंतराचे आहे, एवढा विवेक पाहणाऱ्याने राखला पाहिजे.

याच विवेकाने मूळ वाक्याकडे वळू. सीमा दिसत नाहीत. सप्टेंबर १९६६ मध्ये कॉनराड आणि गॉर्डन हे जेमिनी ११ मधून सुमारे १,३७० किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन आले. त्याच उड्डाणात, १४ सप्टेंबरला, त्यांनी भारताच्या द्वीपकल्पाचे आणि श्रीलंकेचे एक अप्रतिम छायाचित्र घेतले. शाळेतल्या नकाशातील त्रिकोण जिवंत झाल्यासारखा त्यात दिसतो. डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंगालचा उपसागर, मध्ये ढगांखाली पसरलेली भूमी. पश्चिम किनाऱ्याची कड सलग वर जाते. गोवा कोठे संपला, कारवार कोठे लागले, हे कोणी दाखवू म्हणेल तर दाखवता येणार नाही.

आता हे छायाचित्र घेतले गेले त्या महिन्यांत त्या किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर काय चालले होते, ते आठवावे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, मराठी आपली की कोकणी आपली, यावर गोव्यात घराघरांत मने दुभंगली होती. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमतकौल झाला आणि ३४,०२१ मतांच्या आधिक्याने गोवा वेगळा राहिला. घाटावर महाराष्ट्र आणि म्हैसूर या राज्यांमधील सीमावादासाठी ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि महाराष्ट्राने तो अमान्य केला. २००४ मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्या वादांच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. या पत्राच्या वाचकांत दोन्ही बाजूंची माणसे आहेत, आणि त्यांतील वडीलधाऱ्यांना ते दिवस चांगले स्मरत असतील. माझे म्हणणे इतकेच की, जेमिनीच्या चित्रात यातील काही नाही. आणि जे त्यात नाही ते खरे नव्हतेच, किंवा क्षुद्र होते, असे म्हणण्याचा अधिकार त्या चित्राने कोणालाही दिलेला नाही.

उलट, मला येथे एक धोका दिसतो. जो कॅमेरा सीमा पाहत नाही, तो भाषाही पाहत नाही. त्याला मराठी दिसत नाही, कोकणी दिसत नाही, कानडी दिसत नाही; मुलाला आईची बोली शाळेत मिळावी म्हणून चालत गेलेले मोर्चे दिसत नाहीत आणि मोर्च्यात पडलेले रक्तही दिसत नाही. सीमा न दिसणे हा जर सीमा व्यर्थ असल्याचा पुरावा मानला, तर त्याच न्यायाने भाषा, ग्रंथ, न्यायालये, सण, शेजार, सारेच व्यर्थ ठरेल. कारण त्यांतील काहीच त्या उंचीवरून दिसत नाही. माणसाने रेघ ओढली म्हणून ती खोटी, असे म्हणणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की कायदाही माणसानेच ओढलेली रेघ आहे आणि दुबळ्याला बलवानापासून पुष्कळदा तीच वाचवते. सीमेचा प्रश्न ज्याला जाचतो त्याला 'वरून पाहा, सीमाच नाही' असे सांगणे म्हणजे तहानलेल्याला समुद्राचे चित्र दाखवण्यासारखे आहे.

शिवाय ते वाक्य आता अक्षरशः खरेही राहिलेले नाही. ऑगस्ट २०११ मध्ये अंतराळ स्थानकावरील अंतराळवीरांनी रात्री काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या त्या चित्रात शहरांचे दिवे इकडेतिकडे विखुरलेले आहेत आणि त्यांमधून एक नारिंगी, नागमोडी, अखंड रेघ गेली आहे. ती भारत आणि पाकिस्तान यांच्यामधील सीमा. कुंपणावर लावलेल्या दिव्यांनी ती रात्रभर उजळलेली असते. २०१५ मध्येही तेथूनच तिचे असे चित्र घेतले गेले. दिवसा जी दिसत नाही म्हणून आपण आनंद मानतो, ती रात्री नगरांहून ठळक दिसते. हे चित्र पहिल्या दोन चित्रांच्या शेजारी भिंतीवर लावले पाहिजे. त्याने आपला उत्साह थोडा कमी होईल, पण समज वाढेल.

मग या छायाचित्रांनी सिद्ध काय होते? माझ्या मते पुष्कळ काही. पण ते एकट्या चित्रातून सहसा होत नाही, एकाच जागेच्या दोन काळांतील चित्रांतून होते. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ च्या अंतराळवीरांनी आफ्रिकेतील चाड सरोवराचे छायाचित्र घेतले. त्या दशकात सरोवर सुमारे २५,००० चौरस किलोमीटर पसरलेले होते. पुढील काळातील चित्रे त्याच्याशी ताडली की पाणी कसे आटत गेले ते पोरालाही कळते. नायजेरिया, नायजर, चाड आणि कॅमेरून अशा चार देशांच्या सीमा त्या सरोवरात येऊन मिळतात. चित्राने त्यांतील एकही पुसली नाही; पण तोटा चौघांचा आहे, हे मात्र चौघांपुढे मांडले. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोव्हिएत स्थानकावरून भारतभूमीची छायाचित्रे घेत होते, ती आपल्या नैसर्गिक संपत्तीच्या पाहणीसाठी. भारत कसा दिसतो या प्रश्नाला त्यांनी इक्बालांच्या शब्दांत दिलेले उत्तर साऱ्या देशाला पाठ आहे. त्यांनी काढलेली चित्रे मात्र कोणाला आठवत नाहीत. हा आमच्या रसिकतेचा दोष समजावा. उद्गार आम्ही जपतो, पुरावा हरवतो.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. म्हादई खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीला समुद्रास मिळते. तिच्या पाण्यावरून तीन राज्यांचा तंटा चालला. २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ मध्ये त्याने वाटे ठरवून दिले. आकाशातून पाहणाऱ्याला हे वाटे दिसणार नाहीत. ते कायद्याने, आकडेमोडीने आणि रागलोभाने भरलेल्या युक्तिवादांतूनच ठरावयाचे. परंतु वर जंगल तुटले तर खाली खाडीचे काय होईल, हे वाटे मोजणाऱ्याला नजरेआड करता येणार नाही. आणि नदी एक आहे ही गोष्ट वरून घेतलेले चित्र कोणत्याही वकिलाहून अधिक स्पष्टपणे सांगेल. चित्राचा अधिकार तेथवर आहे. त्यापुढचे काम खाली उभ्या असलेल्या माणसांचे.

२०१० पासून अंतराळ स्थानकाला सात खिडक्यांचा एक घुमट आहे. तेथून अंतराळवीर काम आटोपल्यावर, कित्येकदा झोपेचा वेळ मोडून, खाली पाहत राहतात आणि छायाचित्रे काढतात. आजवर ती लाखोंनी जमली आहेत. यंत्रे त्यांच्याहून अधिक नियमितपणे आणि अधिक बारकाईने चित्रे घेत असताना माणसाने ती काढावीत कशाला, असा प्रश्न विचारला जातो. मला त्याचे उत्तर अँडर्स यांच्या चित्रात मिळते. त्या दिवशीच्या कामाच्या यादीत पृथ्वी नव्हती. यंत्र यादीबाहेर जात नाही. माणूस मान वळवतो, कारण त्याचे घर त्या बाजूला असते. घर दिसताच घरातील भांडणे मिटत नाहीत. पण ज्याला ती मिटवायची आहेत त्याला घर एकच आहे आणि त्याच्या भिंतींबाहेर श्वास घेण्याजोगे काही नाही, एवढे ठाऊक असावे. छायाचित्राने एवढी साक्ष दिली आणि ती मला पूर्णपणे ग्राह्य वाटते.

माझ्या पक्षकाराला मात्र मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. त्याचा दावा पुढे तडजोडीने मिटला. दोघे भाऊबंद मोजणीदाराबरोबर बांधावर गेले, दिवसभर भांडले आणि संध्याकाळी हद्दीचा दगड दोघांनी मिळून रोवला. पुन्हा भेट झाली की त्याला सांगेन: फोटो काढणारा फार लांब उभा होता, बाबा, तेथून तुमचा बांध दिसत नव्हता, आणि तुम्ही दोघेही दिसत नव्हता.